घशाचा संत

फादरांची खुर्ची या वर्षी उजवीकडे ठेवलीय हे थोरलीच्या लक्षात आलं, तेव्हा ती रांगेत पार अडकली होती. पुढे शिवणवालीची कपाटाएवढी पाठ, मागे बँकवाले काका, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला बाकांची टोकं. दरवर्षी संत ब्लेझच्या सणाला फादर डावीकडे उभे राहत आणि मदतनीस उजवीकडे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण थोरलीच्या डोक्यात अशा न लिहिलेल्या गोष्टींचा मोठा साठा होता आणि त्या साठ्यावरच तिचं आयुष्य चाललं होतं. ऑफिस सुटल्यावर ती बाजूच्या दाराने घाईघाईत चर्चमध्ये शिरली, मिस्सा, वेदीवरची रोजची उपासना, संपत आली होती, लोक उठून रांगा धरत होते, आणि तिने न बघता डावी रांग धरली. आता फादरांचा गुडघा सुजला, त्यांना पलीकडे खांबापाशी खुर्ची दिली, म्हणून मदतनीस इकडे आली, हे तिला कोण सांगायला येणार होतं? मान वाकडी करून ती शिवणवालीच्या खांद्यावरून बघायला गेली, तर चेहऱ्याच्या आधी तिला हात दिसले. साबणाने सोलवटलेले, नखं मुळापासून कापलेली, बोटांची पेरं लाल. त्या हातांत लाल फितीने क्रूससारख्या बांधलेल्या दोन मेणबत्त्या होत्या, आणि त्या एका म्हाताऱ्याच्या गळ्याला लावलेल्या होत्या.  धाकटी! तिची सख्खी धाकटी बहीण तिथे उभी राहून लोकांचे गळे धरत होती.

संत ब्लेझ हा घशाचा संत. बिशप होता, त्याआधी वैद्य होता म्हणतात. एका पोराच्या घशात माशाचा काटा अडकला, पोर निळं पडलं, आई त्याला उचलून ब्लेझकडे धावली आणि त्याने काटा काढला. पुढे लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्याला जिवंत सोलला, पण ते कोणाला आठवत नाही, लोकांच्या लक्षात राहिला तो काटा. म्हणून त्याच्या सणाला दोन मेणबत्त्यांची कात्री करायची, त्या कात्रीत माणसाचा गळा घ्यायचा आणि म्हणायचं की संत ब्लेझच्या मध्यस्थीने देव तुला घशाच्या दुखण्यापासून आणि बाकी सगळ्या पीडांपासून दूर ठेवो. थोरलीला प्रत्येक अवयवाचा संत पाठ होता. डोळ्यांना लुसी, दातांना ॲपोलोनिया, छातीला ॲगाथा. वस्तू हरवली की अंथनी. आई कौतुकाने सांगायची, "आमची थोरली म्हणजे चालतंबोलतं कॅलेंडर." घरात भिंतीकडे कोणी बघायचंच नाही. "ताई, आज काय?" म्हटलं की ताई सांगणार: आज फादरांचा झगा हिरवा, उद्या हुतात्म्याचा लाल, बुधवारपासून उपवासकाळ, जांभळा काढा. पुढे तेच तिच्या गळ्यात पडलं. चर्चच्या वस्त्रघराची किल्ली तिच्याकडे आली. रोज ऑफिसला जायच्या आधी फादरांचा त्या दिवसाच्या रंगाचा झगा इस्त्री करून टेबलावर पसरून ठेवायचा, वेदीवरच्या चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही. आज सकाळी लाल झगा तिनेच काढला होता. आणि मेणबत्त्यांची ती लाल फीतही तिनेच इस्त्री केली होती, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला. बरी सेवा केली हो बहिणीची!

यंदा ती नुसत्या सवयीने आलेली नव्हती. डाव्या जबड्याखाली एक गाठ आली होती. आधी वाटाण्याएवढी होती, आता बोटांना चांगली सापडत होती, आणि दुखत नव्हती हेच वाईट. दुखली असती तर कळवळता आलं असतं, कोणाला तरी सांगावं लागलं असतं. त्याऐवजी ती गुपचूप तिथे बसून होती, भाडं न देणाऱ्या पाहुण्यासारखी. थोरली तिच्यावर स्कार्फ बांधायची. थंडी आहे म्हणून बांधला, मग दुपारच्या उन्हातही ठेवला. पण स्कार्फ आवाजाला कसा बांधणार? ती एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसत होती, खिडकी नसलेल्या खोलीत, कानाला यंत्र लावून. त्या इमारतीत तिचा चेहरा फार कमी लोकांना माहीत होता, आवाज मात्र सगळ्यांना. "नमस्कार, कोणाशी जोडून देऊ?" हे वाक्य ती इतकी वर्षं अशी म्हणत आली होती की चिडून फोन करणारासुद्धा त्या वाक्यापुरता माणसात यायचा. आताशा 'जोडून' म्हणताना आवाज चिरकायचा. परवा एक जण म्हणाला, "अहो, बाई आहात का बुवा?" आणि फोनवरच खो खो हसला. साहेबांनी काल खोलीत डोकावून, अंग चोरत, "जरा दाखवून घ्या ना कोणाला तरी," म्हटलं. म्हणजे साहेबांच्याही कानावर गेलं होतं. औषधाच्या दुकानात घशाच्या गोळ्या मागायला गेली तर दुकानदाराने स्कार्फ खाली करायला लावला, एकदा बघितलं आणि गोळ्या परत फडताळात ठेवल्या. "बाई, मी गोळ्या देत नाही तुम्हाला. हे मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. आजच दाखवा."

मोठं हॉस्पिटल एकच होतं, ऑफिसच्या कार्डावर तिथेच जावं लागे, आणि तिथे धाकटी नर्स होती. एका वॉर्डात असती तर तोंड चुकवून जाता आलं असतं, पण तिने या ना त्या वॉर्डात इतकी वर्षं काढली होती की फरशी पुसणाऱ्यापासून मोठ्या डॉक्टरपर्यंत सगळे तिचे. केसपेपरच्या खिडकीवरच बातमी फुटली असती: सिस्टरची बहीण आलीय. मग ती स्वतः आली असती, बुटांचा चपचप आवाज करत, आणि म्हणाली असती, "चल ताई, मी बघते." नको. थोरली त्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन परत आली होती. मरण आलं तर येऊ दे, पण ते बहिणीच्या हातून औषध घेत यायला नको, इतकं तिचं डोकं फिरलेलं होतं, आणि ते फिरलंय हे तिला समजतही होतं. म्हणून ती ब्लेझकडे आली. संताला नर्स बहीण नसते. आणि बघा नशीब, दुष्काळात तेरावा महिना, संताने कात्री बरोबर बहिणीच्याच हातात दिली!

रांग एक पाऊल सरकली. शिवणवाली अर्धी वळली आणि चर्चमध्ये कुजबुजायचं म्हणून जेवढा आवाज खाली आणता येतो तेवढाच आणून म्हणाली, "आज बहिणीकडून आशीर्वाद का? बरं झालं. दोघींना एकत्र बघून किती दिवस झाले!"

"गर्दीत कळलं नाही कुठली रांग ते," थोरली म्हणाली.

"अगं, पण देवमाणूस आहे हो तुझी बहीण. माझ्या सासूच्या वेळी सांगते, ड्युटी संपली होती तिची, घरी निघाली होती. सासूचा श्वास बघितला आणि मागे फिरली. मला म्हणाली, मावशी, तुम्ही हात धरून बसा, मी फादरांना आणते. फोन लागेना तर स्वतः रिक्षाने जाऊन घेऊन आली. सासूला मरणाआधीचं पवित्र तेल लागलं, सगळं झालं, मग शांतपणे गेली बघ. सगळ्या पेशंटांना करते म्हणे ती असं. धर्म कुठला का असेना, ज्याचा त्याचा माणूस बोलावून आणते."

"करते खरी," थोरली म्हणाली.  सासूला तेल लागलं. जगातल्या सगळ्या सासवांना तेल लागलं, लोकांच्या आयांना लागलं, आणि हिच्या स्वतःच्या आईच्या कपाळाला, तळहाताला, कशाकशाला म्हणून लागलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी पडून शेवटी घडा भरला, तो दुसऱ्याच्या घरी.

आई धाकटीकडे राहायची, कारण धाकटी नर्स, इंजेक्शनं घरीच व्हायची. तो गुड फ्रायडे होता. वर्षातला एकच दिवस असा की ज्या दिवशी मिस्सा होत नाही. वेदीवर चादर नाही, फूल नाही, मेणबत्ती नाही; पवित्र भाकरी ठेवायचा तो लहान कपाटासारखा कोश उघडा आणि रिकामा; घंटा बंद. थोरलीने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातांनी वेदी उघडी केली होती, आणि दुपारी तीनच्या प्रार्थनेला ती पहिल्या बाकावर होती. फोन बंद. त्या दिवशी ती सकाळपासूनच फोन बंद ठेवायची, कारण बाकी सगळं वर्षभर लोकांचे फोन जोडण्यातच जात होतं आणि एक दिवस तरी देवाच्या दुःखात कोणी घंटी वाजवू नये असं तिला वाटायचं. क्रूसाचं चुंबन घ्यायला लोक ओळीने पुढे जात होते. कुठल्या तरी बाईचं बाळ रडत होतं. त्याच वेळी, तिथून दोन गल्ल्या पलीकडे, आई जात होती. धाकटीला ते दिसत होतं, नर्सला नाही दिसणार तर कोणाला? तिने उशी उंच केली, तोंडात चमच्याने पाणी घातलं, मिनिटं धरून नाडी बघितली, जे जे शिकली होती ते सगळं केलं. आणि फादरांना बोलावलं नाही. थोरली संध्याकाळी फोन चालू करून धावत गेली, तेव्हा आईचा जबडा रुमालाने बांधलेला होता. "फादर येऊन गेले?" एवढंच तिने विचारलं. धाकटी बादलीत हात धूत होती. ती म्हणाली, "मला वाटलं, आज चालत नाही."

मला वाटलं, आज चालत नाही! पुढची कित्येक वर्षं थोरली हे वाक्य घेऊन झोपली आणि हे वाक्य घेऊन उठली. वेदी उघडी आहे, कोश रिकामा आहे, मिस्सा नाही, लग्नं नाहीत, म्हणजे आज सगळंच बंद, दुकानासारखं. असं त्या बाईने स्वतःशी ठरवलं. मरणाऱ्याला तेल कुठल्याही दिवशी देतात. गुड फ्रायडेलाही देतात. तेव्हाचे म्हातारे फादर कपाळाला हात लावून म्हणाले होते, "अगं, मी इथेच होतो ना! पायात चप्पल न घालता आलो असतो." हे लहान मुलालाही ठाऊक असतं. बरं, लहान मुलाला ठाऊक नसतंच कदाचित, पण ज्या घरात चालतंबोलतं कॅलेंडर आहे त्या घरातल्या बाईला ठाऊक असायला नको? मग दुसरा दिवस पवित्र शनिवार, त्या दिवशीही रात्रीपर्यंत मिस्सा नाही. तिसरा दिवस ईस्टर, त्या दिवशी मयताची मिस्सा होत नाही. आई तोवर शवागाराच्या फळीवर. आणि थोरली वस्त्रघरात पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होती, सोनेरी काठ जळू नये म्हणून वर ओलं फडकं धरून, आणि बाहेर घंटा बेभान वाजत होत्या, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, प्रभू उठला, प्रभू उठला. तिला त्या प्रभूलासुद्धा म्हणावंसं वाटलं होतं, तुझं काय जातंय.

सोमवारी पुरलं. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत असं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर "बरी आहेस ना", "आहे" एवढं होत होतं, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. पण आईचं वर्षश्राद्ध म्हणा, पुण्यतिथी म्हणा, ती दोघींची दोन झाली. धाकटी तारीख धरायची. त्या तारखेला आईच्या नावाने मिस्सा लावायची, नाव वाचलं जायचं, फुलं यायची. थोरली तारखेला मानायची नाही. आई गुड फ्रायडेला गेली, मग तिचा दिवस गुड फ्रायडे, मग तो कधी मार्चात येवो नाहीतर एप्रिलात. आणि गुड फ्रायडेला मिस्सा नसते, त्यामुळे थोरलीच्या दिवशी आईच्या नावाने मिस्सा कधीच होऊ शकत नव्हती. फादर एकदा हळूच म्हणाले, "बाई, तारखेला आलात तर काय बिघडेल?" ती म्हणाली, "तारीख माणसांची असते, फादर." उत्तर तिला फार आवडलं होतं. घरी येऊन मात्र ती बराच वेळ पलंगावर पाय न उचलता बसून राहिली होती.

शिवणवालीच्या पुढचा माणूस वाकला. धाकटीचा आवाज आता ऐकू येत होता, सपाट, घाई नसलेला, टेंपरेचर किती आहे ते सांगावं तसा. हीच बाई पूर्वी मिस्सेला उशिरा यायची, शेवटच्या खांबाआड उभी राहायची, प्रवचनात चक्क पेंगायची. आणि आई गेल्यावर हिला देव आठवला. वर्ग केले, परवानगी काढली, आजाऱ्यांना पवित्र भाकरी न्यायला लागली, आता वेदीजवळ उभी. कानामागून आली आणि तिखट झाली! थोरलीने आयुष्यभर चादरी धुतल्या, मेणाचे डाग सुरीने खरवडून काढले, तिला कोणी वेदीपाशी उभं केलं नाही. आणि तिने मागितलंही नाही, तो भाग वेगळा. संतांमध्ये तिची एकच खरी मैत्रीण होती, मार्था. येशू घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात राबणारी मार्था, आणि नुसती त्याच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरिया. वर येशू म्हणाला की मरियेने चांगला वाटा निवडला. म्हणजे ताटं कोणी वाढायची? पण निदान जुलैच्या शेवटी एक दिवस होता, नुसत्या मार्थाचा. त्या दिवशी थोरली पांढरा झगा काढायची तो जरा जास्तच प्रेमाने. आणि काही वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की इथून पुढे तो दिवस मार्था, मरिया आणि त्यांचा भाऊ लाझरस अशा तिघांचा मिळून. थोरली नव्या कॅलेंडरसमोर उभी राहून हसलीच. वर्षाचे एवढे दिवस, त्यातला एक त्या बिचारीला दिला होता, तोही भावंडांत वाटून टाकला.

शिवणवाली पुढे झाली. आता फक्त तिची पाठ मध्ये होती. निघून जावं का? "जरा सरका" म्हणत मागच्या सगळ्या लोकांच्या अंगाला घासत दारापर्यंत जायचं, आणि बघणाऱ्यांनी बघायचं की थोरली धाकटीसमोरून उठून गेली. उद्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. शिवाय जाऊन जायचं कुठे, तर घरी, आरशापुढे, स्कार्फ सोडून बोटं तिथेच लावत बसायला. दुसऱ्या रांगेत जायचं तर मधल्या बाकांतून गुडघे ओलांडत. फादर समोरून बघणार.  खरं म्हणजे, तिने स्वतःशी कबूल केलं, तिला धाकटीचा राग तेलासाठी जितका येत होता तितकाच दुसऱ्या एका गोष्टीसाठी येत होता. धाकटीने त्या दिवशी थोरलीला फोन लावला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी चालू केल्यावर ते सगळे चुकलेले फोन एकाखाली एक उतरले होते. ती काय विचारणार होती ते उघड होतं: ताई, आज चालतं का? आणि इतक्या वर्षांत धाकटीने एकदाही, भांडताना नाही की रडताना नाही, म्हटलं नाही की तुझा फोन बंद होता. थोरली वाट बघत होती. दर भेटीत, दर पायरीवर वाट बघत होती, तिच्याकडे जिभेच्या टोकावर चार उत्तरं तयार होती. एकदा बोलली असती तर जोराचं भांडण झालं असतं, झिंज्या ओढल्या असत्या, लहानपणीसारख्या, आणि कदाचित संपलं असतं. पण ही बाई उपकार केल्यासारखी गप्प. त्या गप्प राहण्याने थोरलीच्या छातीवर इतका भार ठेवला होता की ती तिला माफ करू शकत नव्हती. माफ करायला निघालं की ते ओझं हातात यायचं.

"आमेन," शिवणवाली म्हणाली आणि बाजूला झाली.

धाकटीने वर बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस बरेच पांढरे झाले होते. थोरलीला वाटलं, ही कधी म्हातारी झाली? धाकटीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने मेणबत्त्या उचलल्या आणि हलक्या आवाजात म्हणाली, "स्कार्फ काढ."

"असू दे. वरून लाव."

"गळ्याला लावायच्या असतात, ताई. काढ."

मागून बँकवाले काका खाकरले. थोरलीने स्कार्फ सोडला. गाठ उघडी पडली तेव्हा तिथे गार लागलं, ओल्या बोटाने शिवल्यासारखं. मेणबत्त्यांची कात्री दोन्ही बाजूंनी गळ्याला टेकली. "संत ब्लेझच्या मध्यस्थीने," धाकटी म्हणाली आणि थांबली. मेणबत्त्या तिने एका हातात धरल्या, दुसऱ्या हाताची दोन बोटं थोरलीच्या जबड्याखाली लावली. दाबलं. थोडं खाली सरकवून परत दाबलं. चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, वेदीपासून हाताच्या अंतरावर. थोरलीला ओरडावंसं वाटलं, हात काढ. पण ती बोटं ऊबदार होती आणि त्यांना काय करायचं ते माहीत होतं, आणि थोरलीच्या स्वतःच्या बोटांशिवाय तिथे अजून कोणाचाच हात लागलेला नव्हता.

"कधीपासून?"

"तू तुझं म्हण. लोक थांबलेत."

"ताई, कधीपासून?"

"संत लुसीच्या दिवसापासून."

"म्हणजे कधी?"

थोरलीला त्या अवस्थेतही संताप आला. अजून माहीत नाही! वेदीपाशी उभी राहते आणि लुसी कधी ते माहीत नाही. "डिसेंबरात," ती दात आवळून म्हणाली.

"दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"तू असतेस तिथे म्हणून."

 धाकटीची बोटं तशीच होती. मग म्हणाली, "उद्या सकाळी ये. मी फाटकात उभी राहते."

"येते," थोरली म्हणाली. इतक्या सहज आपण येते म्हणालो याचा तिला इतका राग आला की पुढचं वाक्य तिने थांबवलंच नाही. "येते. पण एक लक्षात ठेव. माझ्या वेळी वार बघत बसू नकोस. गुड फ्रायडे असो, ख्रिसमस असो, आधी फादरांना बोलाव."

लागलं. अगदी वर्मी लागलं, हे तिने बघितलं. धाकटीचे ओठ पांढरे पडले. क्षणभर थोरलीला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, आणि मग तिने स्वतःचं वाक्य ऐकलं. माझ्या वेळी. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती, आरशातही नाही. बहिणीला टोचायला म्हणून तोंड उघडलं आणि आपण मरणार आहोत हे तिच्याच त्या चिरक्या आवाजात बाहेर पडलं.  बाकाचं टोक तिने घट्ट धरलं.

"तुझा फोन बंद होता," धाकटी म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. टेंपरेचर सांगावं तसंच सांगितलं. थोरलीने इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली चार उत्तरं शोधली. एकही जागेवर नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की भीतीचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हो, होता बंद," ती म्हणाली. "एवढं बोलायला तुला इतकी वर्षं लागली?"

"तू विचारलं नाहीस."

"तू बोलली नाहीस!"

"बायांनो," बँकवाले काका मागून म्हणाले, "भांडण घरी करा. माझाही घसा आहे."

धाकटीने नाक ओढलं, मेणबत्त्या परत दोन्ही हातांत घेतल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संत ब्लेझच्या मध्यस्थीने देव तुला घशाच्या दुखण्यापासून दूर ठेवो. बाकी सगळ्या पीडांपासून हे ती म्हणालीच नाही. विसरली असेल, किंवा एका वेळी तेवढंच मागावं असं तिला वाटलं असेल. आणि मग तिने मेणबत्त्या काढून अंगठ्याने थोरलीच्या गळ्यावर, बरोबर गाठीवर, लहानसा क्रूस काढला. तो काढायचा नसतो. मेणबत्त्या धरायची परवानगी कोणालाही मिळते, प्रार्थनाही म्हणता येते, पण क्रूस फक्त फादरांनी काढायचा, हे थोरलीला पाठ होतं, आणि हे चालत नाही असं म्हणायला तिचं तोंडही उघडलं. गळ्यातून शब्द आला नाही. आमेनही आलं नाही. ती तशीच उघड्या तोंडाने धाकटीकडे बघत राहिली, आणि शेवटी बँकवाल्या काकांनीच वैतागून तिच्या वतीने "आमेन" म्हणून टाकलं.

"आठ वाजता," धाकटी म्हणाली. "उपाशीपोटी ये. पाणीसुद्धा पिऊ नकोस." तिने बाहीला डोळे पुसले, मेणबत्त्यांची कात्री नीट केली आणि थोरलीच्या खांद्यावरून मागे बघितलं.

"पुढचे."